टाकीबाहेरचा माणूस

जिद्दा, शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५

ती. उमाकांतकाका,
सुखदाचा नमस्कार.

माणसाला आधी काम द्यावं, की आधी बरं करावं? काका, या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. नर्सिंगच्या चार वर्षांत तो कुठल्याच पेपरात आला नाही. घरी विचारलं तर बाबा म्हणतात, "आपल्या घरात पदवी तुझी एकटीची. आम्हाला कसलं विचारतेस?" आई म्हणते, आधी जेव. म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही बाबांचे आतेभाऊ, आणि बावीस वर्षं या देशात आहात. मला येऊन जेमतेम दीड वर्ष झालंय.

तुमची अट लक्षात आहे. "मोबाईलवरच्या तुटक मेसेजला मी उत्तर देत नाही, कागदावर लिही आणि त्याचा फोटो पाठव," असं तुम्ही फोनवर म्हणाला होतात. अक्षर लावताना त्रास झाला तर ती तुमच्याच अटीची फळं.

माझी हॉस्पिटलची ड्यूटी दुपारची असते. सकाळी मी अझीझिया भागात मैत्र मंडळाच्या केंद्रात जाते. शिवणाच्या एका दुकानाच्या वरचा हॉल आहे. ज्यांची कंपनी बंद पडली, काम गेलं आणि कागदपत्रं अडकली, अशा आपल्याकडच्या माणसांना मंडळ राहायला खोली आणि शिधा देतं. त्यांनी बदल्यात रोज सकाळी शिकायला यायचं. एसी दुरुस्ती, वायरिंग, कामापुरतं इंग्रजी आणि अरबी. मग मंडळ नवा कफील, म्हणजे हमी घेणारा मालक, शोधतं, इकाम्याचा, म्हणजे राहण्याचा, परवाना बदलून देतं, टूलकिट हातात देतं आणि माणूस पुन्हा कामावर जातो. मी तब्येतीचं बघते आणि हजेरी घेते. हॉलच्या दारावर एक पाटी आहे: "तीन सकाळी गैरहजर, नाव कमी." खाली मंडळाचा शिक्का.

तुम्ही जुलैमध्ये ज्यांना माझ्याकडे पाठवलंत ते गुणाजीदादा या आठवड्यात दोन सकाळी आले नाहीत. त्यांच्या खोलीतला शौकत, खेडचा, मला म्हणाला, "सिस्टर, त्याला थंडी भरलीय." बाहेर बेचाळीस डिग्री. मी जाऊन पाहिलं. अंगावर काटा, घाम, नाक वाहतंय आणि सारख्या जांभया. काका, हा ताप नाही. पाठीसाठी सुरू केलेल्या दुखण्याच्या गोळ्यांची सवय लागली आहे, आणि गोळ्या संपल्या की असं होतं. हे त्यांनी कबूल केलं नाही, पण नाकारलंही नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "उद्या येतो."

त्यांना एका पाणीशुद्धी प्रकल्पाच्या ठेकेदाराकडे पाइपफिटरची जागा जवळजवळ मिळाली आहे. मेडिकलमध्ये हे निघालं की संपलं. आणि अजून एक सकाळ चुकली तर जागा जाऊ दे, खोलीसुद्धा जाईल. मंडळाचा पैसा कामासाठी आहे, उपचारांसाठी नाही. पण उपचारांशिवाय काम टिकत नाही, आणि कामाशिवाय विमा नाही, म्हणून उपचार नाहीत. मी हे गोल गोल फिरणं थांबवायचं ठरवलं आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी उपचारांचा खर्च मागणार आहे. पंधरा स्लाइड तयार केल्या आहेत.

तुमची,
सुखदा

•

खफजी, १२ सप्टेंबर

चि. सुखदा,
आशीर्वाद.

अक्षर लागलं. "जांभया" शब्द आधी "जांभळं" वाचला आणि विचारात पडलो की जिद्द्यात जांभळं कुठून आली.

पंधरा स्लाइड बघायला माणसं बसतील का गं? आमच्या इथे सेफ्टीवाला साहेब पाचव्या स्लाइडला दिवे लावतो तेव्हा अर्धी शिफ्ट घोरत असते. तू आपली शिकलेली, तुला जास्त कळतं. पण बावीस वर्षांत एक गोष्ट मी पाहिली आहे. पैसेवाल्याकडे दया मागू नये. दया एकदाच मिळते, जुन्या शर्टासारखी, आणि ती मापाची नसते.

दुसरं म्हणजे ते तुला पहिला प्रश्न विचारतील, "अशी माणसं किती?" त्याचं उत्तर आधी काढून ठेव.

गुणाजीबद्दल मी काय सांगणार? माणूस हाडाचा चांगला. पाठ दुखायची त्याची, एवढं आठवतं. भाकरी करतो फर्स्टक्लास. त्याला सांभाळ.

आमच्याकडे शटडाऊन चालू आहे, म्हणजे प्लांट बंद ठेवून टाक्या धुवायच्या, पाइप बदलायचे. मी मात्र हल्ली बसून काम करतो. माझ्या खाली चार माणसं असतात. हे तुझ्या बाबांना अवश्य कळव. शाळेत तो मला "उमाकांताचं काही खरं नाही" म्हणायचा.

उमाकांतकाका

•

जिद्दा, शनिवार, २७ सप्टेंबर

ती. काका,
नमस्कार.

बैठक झाली. सगळं क्रमानं सांगते, म्हणजे तुम्हाला नीट हसता येईल.

तुम्ही म्हणालात आकडा काढून ठेव. मी काढायला गेले. सकाळी हजेरी झाल्यावर सगळ्यांसमोर उभी राहिले आणि शांतपणे, कुणाला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हटलं, "नशेच्या गोळ्या किंवा इतर कशाच्या सवयीतून सुटण्यासाठी ज्यांना उपचारांची गरज वाटते, त्यांनी हात वर करावा." वर पंखा फिरत होता, खाली एकवीस माणसं. शौकतनं दोन्ही हात खिशात घातले, चुकून एखादा वर जाईल म्हणून. गुणाजीदादा खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. त्यांच्या पायात चपला होत्या.

मी प्रामाणिकपणे कागदावर शून्य लिहिलं. खोटं कसं लिहू?

बैठक पद्मिनीताईंच्या घरी होती. त्या माझ्याच हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहेत आणि मंडळाच्या कमिटीवर आहेत. पावभाजी होती. अध्यक्ष रणजित सर धाहरानहून आले होते. ते तेलकंपनीत इंजिनिअर आहेत आणि त्यांच्यासमोर काहीही ठेवलं की ते आधी शेवटचं पान उघडतात. माझी चौथी स्लाइड चालू असताना त्यांनी छापील प्रतीचं शेवटचं पान उघडलं.

"सुखदा, गरजूंची संख्या शून्य लिहिली आहेस."

"हो सर, पण ते खरं नाही."

"मग लिहिलंस कशाला?"

"कारण हात कुणीच वर केला नाही."

तेवढ्यात ताईंची अनुष्का, वय वर्षं दहा, पावाची ताटली घेऊन आली आणि म्हणाली, "मम्मा, इज इट अबाउट ड्रग्ज?" अशा आवाजात, की शेजारच्या फ्लॅटमध्येही ऐकू गेलं असणार. ताई म्हणाल्या, "नो, इट्स अबाउट पाव. ठेव इकडे."

सर वाईट नाहीत, काका. ते म्हणाले, "आपले देणगीदार रियाधला बँकेत, आयटीत, काही प्लांटवर दिवसरात्र राबतात. मी त्यांना सांगतो, तुमच्या पैशातून माणूस कामाला लागतो. आता काय सांगू, तुमच्या पैशातून व्यसनं सोडवतो?" ताई म्हणाल्या, "लावतो सांगण्यापेक्षा बरं." सगळे हसले, आणि हसल्यावर विषय संपला. मग हिशेब वाचला. टूलकिटचा पैसा संपला आहे. "सेफ्टी" या सदरातला तसाच पडून आहे, कारण हेल्मेट आणि बूट नवा मालकच देतो. सर म्हणाले, "हेल्मेट आहेत, डोकी मिळेनात." पुन्हा हसले. मी हसले नाही, आणि त्याचं आता जरा वाईट वाटतं.

गुणाजीदादांची तिसरी सकाळही चुकली होती. ताईंनी आजारपणाची चिठ्ठी दिली म्हणून नाव नोव्हेंबरच्या बैठकीपर्यंत राहिलं. पुढे चिठ्ठी चालणार नाही.

आता तुमच्याशी भांडण. मी गुणाजीदादांना म्हटलं, तुमच्याबद्दल उमाकांतकाकांना लिहू का? तर ते म्हणाले, "शेठला काय लिहिता? त्याला गोळ्यांचं पहिल्यापासून माहीत आहे." काका, "पाठ दुखायची एवढं आठवतं" असं तुम्ही मला लिहिलंत.

भांडण बाजूला ठेवून विनंती करते. तुम्ही आता मोठ्या जागेवर आहात. बाबांनी गावभर सांगितलं आहे की उमाकांत खफजीला साहेब झाला, हाताखाली माणसं आहेत. तुमचं तेलाच्या लोकांत वजन असणार. रणजित सरांना एक शब्द टाकाल का?

तुमची,
सुखदा

•

खफजी, ३ ऑक्टोबर

चि. सुखदा,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. चपला-नाडीपाशी एवढा हसलो की बाजूचा फिलिपिनो विचारू लागला, घरी मुलगा झाला का.

पुढचं वाचल्यावर हसू थांबलं. तेव्हा खरं लिहितो.

मला गुणाजीचं माहीत होतं. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू त्याला पेशंट म्हणून भेटली असतीस. तू शिकलेली आहेस, सगळं पुस्तकाप्रमाणे केलं असतंस. तू त्याला आधी पाइपफिटर म्हणून भेटलीस. त्याला जागा मिळवून द्यायला तुझी जी धावपळ चालली आहे ती पाइपफिटरसाठी आहे. मला वाटतं, ते बरं झालं. तुला पटलं नाही तर माझ्यावर राग धर, त्याच्यावर नको.

आता दुसरं. मी साहेब नाही. माझा शब्द तुझ्या रणजित सरांच्या ऑफिसच्या गेटवरसुद्धा चालणार नाही. गुडघा गेल्यापासून मला शिडी चढवत नाही, म्हणून मला होल वॉचचं काम दिलं आहे. म्हणजे काय, तर टाकीला माणूस आत शिरेल एवढं भोक असतं. आत चार माणसं साफ करायला जातात. बाहेर एक माणूस प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसतो. तो मी. वर मी, खाली चार माणसं. तुला लिहिलं ते खोटं नव्हतं, फक्त तुझ्या बाबाला जसं कळावं तसं लिहिलं होतं.

आत जाणाऱ्याचा बिल्ला माझ्यापाशी राहतो. मी थोड्या थोड्या वेळानं नाव घेऊन हाक मारायची, आतून ओ आली की बरं. ओ आली नाही तर मी आत उडी घ्यायची नाही, हा पहिला धडा. उडी घेणारे दोघे जातात. शिट्टी मारायची, दोर ओढायचा, मदत बोलवायची, पण जागा सोडायची नाही. मी जागेवर नसलो तर कितीही घाई असली तरी कुणाला आत जाता येत नाही. पगार पूर्ण. आणि संध्याकाळी कुणी विचारलं, आज काय केलंस, तर उत्तर एकच. बसलो. वीस वर्षं पाइप उचललेल्या माणसाला हे घरी सांगायला लाज वाटते, बाय. तू बाबाला सांगू नकोस. सांगायचं तर मी सांगेन.

गुणाजी आमच्याकडे होता तेव्हा तो आत आणि मी बाहेर. "गुणाजी!" म्हटलं की आतून "हां शेठ" यायचं. कधी चिडून यायचं, कधी गाणं म्हणता म्हणता यायचं. गोळ्या तेव्हाही होत्या, पण मोजून घ्यायचा, कारण संध्याकाळी मी विचारणार हे त्याला माहीत होतं. मग त्याचा ठेका संपला आणि तो जिद्द्याला गेला.

तुझ्या सरांना सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे. म्हणजे काहीच नाही.

उमाकांतकाका

•

जिद्दा, शनिवार, ११ ऑक्टोबर

ती. काका,

तुमच्याकडे काहीच नाही असं लिहून तुम्ही मला जे पाठवलंत त्यानं माझ्या पंधरा स्लाइड रद्द झाल्या.

राग होता, दोन दिवस होता. पण मग तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं आणि मला वाटलं, मी चुकीचं विचारलं होतं. आपली माणसं मागायला लाजतात. द्यायला लाजत नाहीत. घरचे पैसे संपले असं कुणी सांगणार नाही, पण दुसऱ्याला मीठ संपलं कळलं तर डबाच आणून ठेवतील.

सोमवारी हजेरीनंतर मी पुन्हा उभी राहिले. सगळे सावध झाले. शौकतचे हात खिशाकडे निघाले. मी म्हटलं, "होल वॉच म्हणजे काय ते कुणाला माहीत आहे?" निम्म्या हॉलला माहीत होतं. जुबैलला, रास तनुराला टाक्या धुतलेले लोक. एकानं उठून दाखवलंसुद्धा, स्टुलावर कसं बसायचं ते. मी म्हटलं, "आपल्यातले काहीजण उपचारांसाठी आत जातील. कोण जातील ते मला विचारायचं नाही. मला बाहेर बसणारी माणसं हवीत. सकाळी हाक मारायची, दवाखान्यात सोबत जायचं, बाहेर थांबायचं आणि संध्याकाळी विचारायचं. कोण बसेल?"

काका, एवढे हात वर आले की मला पंखा बंद करायला सांगावा लागला. कुणाचा तरी हात लागला असता.

मग मी जिन्यात खुर्ची टाकून बसले. एकेकजण येऊन सांगू लागला. पहिला शौकत.

"सिस्टर, मी गुणाजीसाठी बसतो. त्याला सांगू नका मी बोललो. तो रात्रीचा कण्हतो, आणि विचारलं तर म्हणतो, स्वप्न पडलं."

तो गेला, आणि त्याच्यामागून गुणाजीदादा आले.

"सिस्टर, मी शौकतसाठी बसेन म्हणतो. पोरगा खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पितो. खोकला नसताना."

"बरं दादा, लिहून घेते."

ते जाईनात. कठड्यावरून हात फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, "पण एक अडचण आहे. दोघं एकदम आत गेलो तर बाहेर कोण बसणार?"

मी मान वर केली नाही. म्हटलं, "मग पाळीनं जा. आधी कोण?"

"पाठ माझी जुनी," ते म्हणाले. "आधी मी."

हे त्यांनी मला पहिल्यांदा तोंडानं सांगितलं. आता माझ्याकडे शून्य नाही, पाच आहेत. नावं मी कुणाला देणार नाही.

पद्मिनीताईंनी कायद्याची चौकशी केली. स्वतःहून उपचाराला येणाऱ्याला इथे गुन्हेगार धरत नाहीत, असं त्यांना सांगण्यात आलं. तरी पहिल्या दिवशी त्या स्वतः सोबत जाणार आहेत. एका माणसाच्या उपचारांना साधारण दोन टूलकिटएवढा खर्च येतो. रणजित सरांना मी एकच पान लिहिलं आहे. पहिलं आणि शेवटचं पान एकच, म्हणजे त्यांची सोय. खर्च "सेफ्टी" या सदरातून मागितला आहे. हेल्मेटसाठी डोकी मिळत नसतील, तर आहेत ती डोकी वाचवू, असं लिहिणार होते. ताईंनी ते वाक्य कापलं.

आणि तुम्ही लाजता ते काम मी पानाच्या मध्यभागी लिहिलं आहे. परवानगी न विचारता. आता तुम्ही माझ्यावर राग धरा, फिटंफाट होईल. बाबांना मात्र मी काही बोललेले नाही.

तुमची,
सुखदा

•

खफजी, १७ ऑक्टोबर

चि. सुखदा,

राग धरायला बसलो होतो, पण टाकीतल्या एकानं ओ दिली नाही. तीनदा हाक मारली तरी नाही. शिट्टी मारली, सगळा प्लांट जमा झाला, दोरीनं त्याला वर काढला. तो म्हणाला, कानात इअरफोन होते. त्याला सुपरवायझरनं झापलं आणि मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. बसल्याबद्दल. त्या भरात तुझा राग राहून गेला.

त्याच संध्याकाळी तुझ्या बाबाला फोन करून खरं काय ते सांगितलं. म्हटलं, मी साहेब नाही, मी स्टुलावर बसतो. तो म्हणाला, "बसून पूर्ण पगार मिळतो ना? साहेब आणखी काय करतो?" गावात काही बदललं नाही, असं दिसतं.

आमचा बसवाला जिद्द्याकडे येतोय, त्याच्याबरोबर दिवाळीचा डबा पाठवला आहे. चकल्या इथल्या मेसमध्ये मी स्वतः केल्या आहेत. कडक झाल्या आहेत. गुणाजीला सांग, शेठनं पाठवल्या. त्याचे दात चांगले आहेत. एक चकली त्या शौकतलाही दे.

गुणाजीला रोज हाक कोण मारतं, ते लिही.

उमाकांतकाका

•

जिद्दा, शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ती. काका,
नमस्कार.

चकल्या पोचल्या. शौकतनं एक चकली खिडकीच्या कट्ट्यावर आपटून पाहिली आणि म्हणाला, "शेठ पाइपफिटरच आहेत." तरी डबा दोन दिवसांत संपला.

आता बैठक. ती एक तारखेलाच झाली. रणजित सरांनी माझं पान वाचलं. उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं. मग चष्मा काढून म्हणाले, "हे होल वॉचचं तुला कुणी सांगितलं?"

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "माझे काका खफजीला होल वॉच आहेत."

"किती वर्षं?"

"टाकीत वीस, बाहेर दोन."

ते म्हणाले, "भाग्यवान आहे त्यांची कंपनी. मला चांगला होल वॉच मिळत नाही. स्टुलावर बसवलं की पोरं मोबाईल काढतात." मग खूप वेळ ते तुमच्याबद्दलच विचारत होते. गुडघ्याला काय झालं, उन्हाला छत्री असते का, हाक किती वेळानं मारतात. मी मध्येच म्हटलं, "सर, ठराव?" ते म्हणाले, "हो हो. एका गोष्टीचं उत्तर दे. बाहेर बसणाऱ्याचा शिधा यात धरला आहेस, तो का? तो तर काहीच करत नाही."

मी म्हटलं, "सर, तुमच्या कंपनीत त्याला पगार का देता?"

पद्मिनीताई त्यांच्या ताटलीत आणखी एक समोसा ठेवत होत्या. त्या थांबल्या. सर म्हणाले, "बरं." एवढंच. मग लेखनिकाला म्हणाले, "लिहा. सेफ्टी. एक वर्ष. उपचार आणि सोबत, दोन्ही. देणगीदारांना मी सांगेन. त्यांतले निम्मे प्लांटवरचेच आहेत, त्यांना समजेल. बँकवाल्यांना समजायला जरा वेळ लागेल." नावं त्यांनी विचारली नाहीत.

गुणाजीदादा आता रोज दवाखान्यात जातात. पहिले पाच-सहा दिवस त्यांना तिथेच ठेवलं होतं, आणि ते दिवस वाईट गेले. शौकत बाहेरच्या बाकावर बसायचा. आत सोडत नव्हते, तर खिडकीखालून हाक मारायचा. नर्सनं तक्रार केली. मी त्या नर्सला जाऊन भेटले आणि आता तीच त्याला चहा देते. ठेकेदाराला ताईंनी पत्र दिलं, त्यानं जागा जानेवारीपर्यंत धरून ठेवली आहे. धरून ठेवली म्हणजे दिली असं नव्हे. मेडिकल व्हायचं आहे, पाठ अजून दुखते, आणि परवा ते माझ्यावर ओरडले. मग संध्याकाळी भाकऱ्या पाठवल्या. तुम्ही म्हणाला होतात तशाच आहेत.

तुम्ही विचारलंत, हाक कोण मारतं. सकाळी सहाला शौकत. "गुणाजी" म्हणतो, आणि आतून "हां शेठ" येतं. शौकतनं पहिल्या दिवशी विचारलं, मला शेठ का म्हणतोस? दादा म्हणाले, "जो बाहेर बसतो त्याला शेठ म्हणायची सवय आहे." जानेवारीत पाळी शौकतची. त्याचे हात आता खिशात नसतात, पण पाळीचा विषय काढला की त्याला लगेच काहीतरी काम आठवतं.

सगळंच छान झालं असं लिहिलं तर तुम्ही माझं खरं मानणार नाही. पाचातला एकजण दोनदा गेला आणि आलाच नाही. खोलीही सोडली. त्याचा बाहेरचा माणूस, आझमगढचा एक सुतार, अजून रोज फोन लावतो. फोन वाजतो, तो उचलत नाही. सुतार म्हणतो, "बजता तो है, सिस्टर."

ठराव झाल्यावर मी सरांना दारावरच्या पाटीबद्दल विचारलं होतं. तीन सकाळी गैरहजर, नाव कमी. आपण एकीकडे बाहेर माणूस बसवतो आणि दुसरीकडे तिसऱ्या सकाळी बिल्लाच फेकून देतो, हे कसं? सर म्हणाले, मुद्दा बरोबर आहे, पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घेऊ. पुढची बैठक फेब्रुवारीत आहे.

आधी काम की आधी उपचार, हे मला अजूनही येत नाही, काका. दवाखान्यातून गुणाजीदादा थेट केंद्राच्या वर्कशॉपला येतात आणि एका हाताला सुई टोचलेली असताना दुसऱ्या हातानं पान्हा धरतात. कुठलं आधी झालं, सांगता येत नाही. माझ्या पदवीत हे नव्हतं. असो.

आज शुक्रवार, केंद्र बंद असतं. सकाळी मी किल्ली घेऊन गेले. खालच्या शिवणाच्या दुकानातून टेबल आणलं, अनुष्कानं तिचे रंग आणि दोन ब्रश दिले होते. पाटी उतरवली, पांढऱ्या रंगानं पूर्ण पुसली. शिक्का तेवढा ठेवला, तो मंडळाचा आहे. रंग वाळेपर्यंत खाली मान घालून बसले, म्हटलं, कुणी आलं तर सांगू, धूळ पुसतेय. कुणी आलं नाही. मग काळ्या अक्षरात लिहिलं. दुसरी ओळ जरा तिरकी गेली आहे, पण वाचता येते:

"एक सकाळ दिसला नाही, तर नाव घेऊन हाक मारा.
ओ आली नाही, तर जागा सोडू नका. शिट्टी मारा."

पाटी मी खिळ्यावर परत लावली आहे.

तुमची,
सुखदा